मी सभासद होतो

‘‘मास्तर, तू जरा बाजूला हो. हा फोटो वाचनालयात लागायचाय.’’

वकील कॅमेऱ्यामागून बोलले. डोंगराच्या माथ्यावर मंडळाचे सगळे सभासद ओळीत उभे. मीही त्यांतलाच. आणि मी बाजूला झालो. विचार करायच्या आत पाय आपोआप हलले. त्याची लाज अजून जात नाही.

‘‘रिकामाच आहेस, तर ह्या पिशव्या धर.’’

धरल्या. दोन्ही खांद्यांवर. फोटो निघाला. त्यात गोविंद होता, मी नव्हतो.

गोविंद आणि मी ट्रेनिंग कॉलेजात बरोबर शिकलो. तो बामणाचा, मी महाराचा. पुढे दोघंही चौलच्या बाजूला मास्तर झालो, तो एका गावात, मी शेजारच्या. रविवारी समुद्रावर बोलत बसायचो ते अंधार पडेपर्यंत. अलिबागच्या काही वकील-मास्तरांनी डोंगर फिरायचं मंडळ काढलं, तेव्हा तोच म्हणाला, ‘‘तूही ये. डोंगराला कसली जात?’’ मग जरा थांबून, ‘‘कुणी विचारलं तर गावाचं नाव सांग. तेवढं पुरे.’’

त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळून घ्यायचा नव्हता, असंही असेल.

आय हसली होती. ‘‘लाकडाच्या मोळ्या आणण्यात आमचा जलम गेला. डोंगरात मजंसाठी बी जातात व्हय?’’ पण पहाटे उठून तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली.

चढताना मी ‘तुम्ही’ होतो. ‘‘मास्तर, तुमचा आवाज छान आहे, म्हणा काहीतरी.’’ मी एक गाणं म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माथ्यावर पोचल्यावर वकिलांनी सहज विचारलं, ‘‘तुम्ही राहता कुठल्या आळीत?’’

गोविंदनं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलता आलं असतं.

‘‘महारवाड्यात,’’ मी म्हणालो.

तेवढ्या एका शब्दानं मी ‘तू’ झालो.

फोटो झाल्यावर वकिलांनी आपली पिशवी माझ्या हातून घेतली नाही. खाली ठेवायला लावली. तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं, मग उचलली. माझ्या देखत. सावकाश.

‘‘पुढच्या वेळीही ये हो. सामानाला माणूस लागतोच.’’

मी तोंड उघडलं. ‘‘मी सामानाला आलो नाही. मी सभासद आहे. गोविंद, तू सांग त्यांना.’’

गोविंद बुटाची नाडी बांधत राहिला. ती बांधलेलीच होती.

मंडळी सावलीत गोल करून जेवायला बसली. मी त्या गोलात जाऊन बसलो, गोविंदच्या शेजारी, आणि भाकरीची पुरचुंडी सोडली. एकजण उठला. मग दुसरा. कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला नाही. नुसते आपापली पानं उचलून उठत गेले. शेवटी गोविंद राहिला. वाटलं, हा बसेल.

तोही उठला.

घास तोंडात फिरत होता. तरी मी सगळी भाकरी खाल्ली, तिथंच, गोलाच्या जागी. मग एकटा डोंगर उतरलो.

आयनं विचारलं, ‘‘कसा व्हता रं डोंगर?’’

‘‘चांगला होता.’’

भाकऱ्या संपल्या म्हणून तिला बरं वाटलं. मी परसात जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गोविंद दाराशी आला. डोळे सुजलेले. ‘‘राग धरू नकोस रे. मी एकटा काय करणार होतो?’’

‘‘बसून राहायचं होतंस.’’

तो पोफळीच्या बागांमधून निघून गेला. मी हाक मारली नाही. त्याच्यासारखा मित्र मला पुन्हा मिळाला नाही, हेही खरं.

आता मी कुणाच्या ओळखीवर कुठं जात नाही. गावाच्या नावाआड लपत नाही. जाईन तिथं आधी सांगेन, महारवाड्यातून आलोय. आणि मग बसेन. ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं. मी उठणार नाही.