दात्यांसमोरचा नाच

त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. इस्लामपूरजवळचं म्हटल्यावर वस्ती विचारली. वस्ती कळली तसे हसले. म्हणाले, "लावा की गाणं. ह्याला काय शिकवायचं? नाच ह्यांच्या रक्तातच हाय."

आमच्या वॉर्डाला खेळाचं यंत्र देणारे दाते ते. वॉर्ड कोर्टानं पाठवलेल्या मनोरुग्णांचा, कायम कुलपातला. गोळ्यांनी आमची अंगं सुटतात, दिवसभर खाटेवर पडून राहतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते मागून घेतलं होतं. टीव्हीवर बाहुली नाचते, तिच्यासारखं आपण नाचायचं. यंत्र हातपाय बघतं आणि गुण देतं. आडनाव विचारत नाही.

आजारात माझ्या हातून थोरला भाऊ गेला. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, पण हात माझेच होते. चार वर्षं मी ते मांडीखाली दाबून बसलो. या खेळात पहिल्यांदा वर उचलले. दम लागला, घाम आला, हसू आलं. हसलो याची लाज वाटून रडलोही.

दाते आले त्या दिवशी गाणं लागलं. सवयीनं माझे हात वर गेले. पाहुण्यांचे मोबाईलही वर झाले. कुणीतरी शिट्टी मारली.

आणि मला आज्जा आठवला. पाटलाच्या वरातीपुढं तो हलगी वाजवायचा, नाचायचा. धम्माची दीक्षा घेतली आणि हलगी आडात टाकली. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुणाच्या दारात नाचलं नाही. मी नाचत होतो.

हात खाली घेतले. म्हणालो, "सायेब, मी व्यायाम करतो. तुमच्यापुढं नाचणार न्हाई."

आमच्या इस्पितळाचे मोठे साहेब कानाशी आले. पुढच्या महिन्यात कोर्टात अहवाल जायचा होता, सुटका त्यावरच होती. त्याची आठवण त्यांनी करून दिली. मी हललो नाही. अहवालात आलं : सहकार्य करत नाही.

आई एसटीनं भेटायला आली. तिला सगळं सांगितलं. ती जाळीला धरून म्हणाली, "एक गेला. तू बी हितंच ऱ्हाणार व्हय रं?" ती गेल्यावर खूप रडलो.

आता पाहुणे आले की मी खाटेवर बसून राहतो. ते गेले की वॉर्डबॉयला दार लावायला सांगतो आणि यंत्रापुढं घाम निघेस्तोवर नाचतो. गोळ्या चुकवत नाही. भावाच्या मरणाची शिक्षा जन्मभर भोगीन. आडनावाची एक दिवसही भोगणार नाही.