साध्या उंदरांची मावशी

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर उंदीर सांभाळायचं काम मावशींना मिळालं, तेव्हा घरात आठवडाभर नुसता हशा होता. कारण याच बाई मोरीत झुरळ दिसलं तरी स्टुलावर चढून नवऱ्याला हाका मारत सुटायच्या. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. त्यानं कपाळाला हात लावून विचारलं, "अगं, तू उंदरांना सांभाळणार, की उंदीर तुला?"

पण मावशी हट्टाला पेटल्या की पेटल्या. पहिले काही दिवस त्यांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेत पिंजरे उघडले. मग एक डोळा उघडा ठेवून. वर्ष सरेपर्यंत पांढरेशुभ्र उंदीर त्यांच्या तळहातावर आपणहून चढू लागले, आणि मावशी घरी त्यांच्या खोड्या अशा सांगू लागल्या, की नवरा म्हणायचा, "सख्ख्या भाच्यांचं कधी इतकं केलं नाहीस!"

उंदरांची दोन कपाटं होती, डावं आणि उजवं. सगळा प्रयोग एका तरुण शास्त्रज्ञ मुलीचा. मावशी तिला मॅडम म्हणत, पण मनातल्या मनात पोरगीच. तिनं एकदा त्यांना नीट बसवून समजावलं होतं.

"मावशी, शरीर कसं घडवायचं ते प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. त्यातलं एक वाक्य म्हणजे एक जनुक. डाव्या कपाटातल्या उंदरांच्या एका वाक्यात आम्ही जन्माआधीच बारीक कात्री लावून दुरुस्ती केली आहे. त्यानं स्मरणशक्ती वाढते का, ते बघायचंय. उजवीकडचे साधेच."

"आणि वाढली तर? माणसांनाही लावणार कात्री?"

"ते फार लांबचं, मावशी. माणसाची बुद्धी काही एका जनुकावर चालत नाही. त्यात धोके आहेत, भांडणं आहेत. आधी उंदीर तर पास होऊ देत."

तेव्हापासून मावशींनी डावीकडच्यांचं नाव 'कात्रीवाले' ठेवलं आणि उजवीकडचे झाले 'साधे'. परीक्षा मोठी गमतीची होती. गढूळ पाण्याची एक गोल टाकी, आणि पाण्याखाली कुठेतरी लपवलेली एक पायरी. उंदरानं पोहत पोहत ती शोधायची. कालच्यापेक्षा आज लवकर सापडली, की उंदीर हुशार.

आता गंमत अशी, की खाली जो येई तो थेट डाव्या कपाटाशी जाई. पाहुणे येत, फोटो काढत, काचेला नाक लावून "वा, वा" करत. उजवीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मावशींचा जीव तुटायचा. बिचाऱ्यांचा गुन्हा काय, तर आई-बापांनी दिलं तसं डोकं घेऊन जन्माला आले!

म्हणून एके दिवशी हात पुसायच्या कागदाची गुंडाळी संपली, तेव्हा तिच्यातली पुठ्ठ्याची नळी मावशींनी साध्यांच्या पिंजऱ्यात टाकली. उंदीर असे काही खूश झाले, की दुसऱ्या पिंजऱ्यालाही नळी द्यावी लागली, मग तिसऱ्याला. पुढे अंड्यांच्या पुठ्ठ्याचा जिना आला, घर बांधायला कागदाचे कपटे आले. भुसा बदलताना मावशी त्यांच्याशी गप्पा मारू लागल्या. खाऊचा दाणा रोज वेगळ्या कोपऱ्यात लपवून "शोध बघू, लबाडा" म्हणू लागल्या. मॅडमना पसारा खपत नसे, म्हणून त्या खाली यायच्या आत मावशी सगळं उचलून ठेवत. आपण काही वावगं करतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग परीक्षा झाली. कात्रीवाल्यांना पायरी झटपट सापडली. मॅडम आनंदानं टाळ्या पिटणार, इतक्यात साध्यांनाही ती तितक्याच झटपट सापडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वरच्या मजल्यावरचे मोठे सर आले, त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. आपण उंदीर पोखरून काहीच काढलं नाही. या जनुकात दम नाही. लिहा तसं आणि बंद करा."

ते गेल्यावर मॅडम स्टुलावर बसून राहिल्या. "तीन वर्षं, मावशी," त्या म्हणाल्या. "खाणं तेच, पाणी तेच, उजेड तोच. दोन्हीकडे हातसुद्धा तुमचेच. मग चुकलं कुठे?"

मावशींची नजर कोपऱ्यात गेली. भुशाच्या पोत्याआड दडवलेल्या नळ्या त्यांना तिथूनही दिसत होत्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उंदीर काय साक्ष द्यायला येणार आहेत?"

"अहो, पण त्या पोरीनं जिवाचं रान केलंय. माझ्यापायी तिच्यावर अपयशाचा शिक्का बसेल."

"आणि तुझी नोकरी गेली म्हणजे?"

"गेली तर गेली."

"मग मला कशाला विचारतेस? ठरवलंयस तर सांगून टाक. आणि आता नीट जेव."

सकाळी मॅडम आल्या, तेव्हा मावशींनी काही उचललेलं नव्हतं. नळ्या, जिने, कपटे, सगळा संसार उजव्या कपाटात मांडलेला होता. "हे मी केलंय," त्या म्हणाल्या आणि दाणे लपवण्यापासून गप्पांपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"मावशी!" मॅडम ओरडल्याच. "माझ्या कामाची माती केलीत तुम्ही! आणि द्यायचंच होतं तर दोन्हीकडे द्यायचं. यांनाच का?"

"त्यांचं कौतुक करायला सगळी दुनिया होती हो," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरात दादा हुशार. अभ्यासाची खोली त्याला, दिवा त्याला, शिकवणी त्याला. मी ढ. ढ पोरीला कशाला काय लागतंय? भांडी घासता घासता दादाचे धडे कानांवर पडायचे, तेवढीच माझी शाळा. यांच्याकडे बघून मला राहवलं नाही. चुकलंच माझं."

मॅडमचा राग एका क्षणात गेला असं नाही. तोंड फुगलेलंच होतं, पण डोकं भलतीकडेच धावत होतं. "थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे नुसत्या नळ्या आणि गप्पांवर साधे उंदीर कात्रीवाल्यांच्या बरोबरीला आले?" आणि एक नळी हातात घेऊन त्या जिन्यानं वर पळाल्या.

मोठे सर अर्धा दिवस गरजले, मग निवळले. प्रयोग पहिल्यापासून, नव्या पिल्लांवर करायचं ठरलं. या खेपेला चार रांगा: नळ्यावाले कात्रीवाले, बिननळ्यांचे कात्रीवाले, नळ्यावाले साधे, आणि चौथ्या रांगेत साधे, ज्यांना काहीही द्यायचं नाही. मावशींची नोकरी टिकली ती एकाच अटीवर, की माया वाटायची ती सरांच्या हुकमानुसार.

"आणि ही चौथी रांग?" मावशींनी विचारलं. "यांना काहीच नाही?"

"कुणाला तरी काहीच न देऊन बघावं लागतं, मावशी. नाहीतर फरक कळणार कसा?"

"अहो, काहीच मिळालं नाही तर काय होतं, हे कळायला उंदीर कशाला हवेत? मला विचारा ना!" मावशी हसल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांचं हसू लवकर मावळलं.

तरी मावशींनी शब्द पाळला. त्या रांगेचा भुसा त्या बोलल्याशिवाय बदलत आणि मान फिरवून पुढे जात. हे काम त्यांना झुरळांपेक्षाही जड गेलं.

निकाल लागला. ज्यांना कात्रीही लागली आणि नळ्याही मिळाल्या, ते पहिले आले. नळ्यावाले साधे आणि बिननळ्यांचे कात्रीवाले पुन्हा बरोबरीत. चौथी रांग अर्थात सगळ्यांच्या मागे. शिवाय कात्रीवाले एकदा दचकले, की ती भीती काही केल्या विसरत नाहीत, हेही मॅडमना दिसलं. "स्मरणशक्ती वाढली, म्हणजे सगळ्याचीच वाढली," त्या म्हणाल्या. मोठ्या सरांनी आकडे दोनदा पाहिले आणि या खेपेला म्हणीच्या भानगडीत पडले नाहीत.

त्याच दुपारी मॅडम खाली आल्या त्या हातात भलीमोठी पिशवी घेऊन. आत पुठ्ठ्याच्या नळ्या, अंड्यांचे पुठ्ठे, रंगीत कागद. घरी, शेजारी, वरच्या मजल्यावर सगळीकडून जमवलेले.

"चौथ्या रांगेची परीक्षा संपली, मावशी. आता कसलंच बंधन नाही. द्या त्यांना, आणि बिननळ्यांच्या कात्रीवाल्यांनाही."

मावशींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. दोघी मिळून एकेक पिंजरा उघडत गेल्या. पहिला उंदीर नळीकडे बघून कोपऱ्यात दबकून बसला, मग मिश्या हलवत जवळ आला, आत शिरला आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर येऊन पुन्हा आत गेला. मावशी लहान मुलीसारख्या खिदळल्या.

पिशवी रिकामी झाली. ती झटकत मॅडम म्हणाल्या, "झालं, सगळ्यांना मिळालं. आता तुमचं सांगा. तुम्हाला काय हवंय, मावशी? काय शिकायचंय, काय बघायचंय? मी करते सोय."

मावशींनी शेवटचा पिंजरा लावून घेतला. मग हळूच स्टुलावर बसल्या.

"थांबा हं जरा, मॅडम," त्या म्हणाल्या. "नीट विचार करू द्या. हा प्रश्न मला पहिल्यांदाच आलाय."