देगलूरच्या शाळेतला चपराशी

निजामाच्या राज्यात देगलूरच्या सरकारी शाळेत शिकवणं उर्दूत चालायचं आणि आम्ही पोरं घरी कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी कानडी बोलायचो. तिथल्या चपराशाचं नाव मला कधी कळलं नाही. वैतागला की तो पागोट्यात बोट घालून डोकं खाजवायचा, आणि वैतागलेला तर तो दिवसभरच असायचा.

एका वर्षी परीक्षा घ्यायला आलेल्या तपासणीच्या साहेबांनी मला उर्दूत हिशेब घातला. पाढे पाठ होते, पण सवालच कळेना, त्याला मी काय करू? नापास झालो तर बाप शाळेतून काढणार होता.

"बहरा है क्या?" साहेब ओरडले.

दारातून चपराशी म्हणाला, "हुजूर, मेरी भैंस तेलुगू के सिवा सुनतीच नै. बहरी है क्या वो?" आणि त्यानं तोच सवाल मला मराठीत सांगितला. मी लगेच उत्तर दिलं. साहेबांनी त्याला झापलं, मला मात्र पास केलं.

बाहेर मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर खेकसला, "उर्दू शीक की लेका! दर दारात मी हुबा राहनार हाय का?"

उर्दू काही जमली नाही, पुढच्या वर्षी शाळा सुटलीच. आज घरापासून लांब, परक्या भाषेच्या मुलखात, कुठल्याही साहेबापुढं उभा राहिलो की मी आधी दाराकडं बघतो.