साडूंचे पालथे पत्ते

माझ्या साडूंनी आयुष्यात पहिली चाल कधी केलेली नाही. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी मेव्हणीनंच विचारलं, "तुमाला काही विचारायचं न्हाई का?" तर म्हणाले, "तुमी विचारा, मग बघू." लग्न झालं. बीडला कोर्टासमोर त्यांचं टायपिंगचं टेबल आहे. रिक्षावाल्याला ते भाडं आधी सांगू देतात आणि मग त्याच्याकडे इतका वेळ नुसते बघत राहतात, की तो आपणहून भाडं खाली आणतो.

असा माणूस पन्नाशीत राक्षसांच्या पत्त्यांचा खेळ शिकला, तो लॉकडाउनमध्ये मुलीला खेळायला कुणी नव्हतं म्हणून. प्रत्येकाची पत्त्यांची स्वतःची गड्डी, तिला डेक म्हणतात. पत्त्यांवरचे राक्षस समोरच्याच्या अंगावर सोडायचे. काही पत्ते मात्र सापळ्याचे, ते पालथे मांडायचे आणि समोरच्यानं हल्ला केला की उलटायचे. पोरीचा डेक ड्रॅगनांचा होता. साडूंना ड्रॅगनांची नावं पाठ होईनात, म्हणून त्यांनी जवळजवळ सगळे सापळेच भरले. पाच पत्ते पालथे घालायचे आणि म्हणायचं, "हं, चालू द्या." पोरीनं ड्रॅगन आणला की हे एक पत्ता उलटायचे, ड्रॅगन गायब. दुसरा आणला, तोही गायब. पोरगी रडकुंडीला यायची.

"बाबा, तुमी खेळा ना कायतरी!"

"खेळतोय की. तू दमायची वाट बघतोय."

पुढे पोरगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिचा खेळ सुटला. साडूंचा सुटला नाही. ते मोबाइलवर परमुलखातल्या लोकांना छळू लागले. गेल्या वर्षी पुण्यात स्पर्धा निघाली, तेव्हा मला सोबत नेलं. शनिवारी पाच फेऱ्या, त्यातले पहिले आठ जण रविवारी पुन्हा खेळणार. बसमध्ये मला म्हणाले, "आठात आलो तर पोरीकडं मुक्काम करावा लागल. इलाज न्हाई." पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते.

हॉलमध्ये सगळी विशीतली पोरं आणि मध्ये सफारीतले साडू. पहिल्या चारपैकी तीन फेऱ्या जिंकले. हरलेल्या एकानं हात मिळवत म्हटलं, "काका, मला एकदा तरी खेळू द्यायचं होतं." शेवटच्या फेरीला चष्मेवाली एक मुलगी आली, आणि तिचाही डेक सापळ्यांचाच निघाला. दोघांनी पाच-पाच पत्ते पालथे घातले. "तुमची टर्न." "तुमची." पंच दोनदा येऊन बघून गेले. तोवर आमची पोरगीही येऊन बापाच्या मागे उभी राहिली होती. अखेर त्या चष्मेवालीनं कंटाळून एक चिल्लर राक्षस पुढे ढकलला. साडूंजवळ डाव संपवणारा पत्ता होता. त्यांनी तो उलटला नाही. वेळ संपली, बरोबरी झाली, दोघंही आठातून बाहेर.

"बाबा, कावून थांबले? उलटायचा होता ना!"

"मोठा हल्ला येईल वाटलं."

ती हसली. मग चहा झाला. चहानंतर बापानं घड्याळ पाहिलं, लेकीनं घड्याळ पाहिलं. साडू म्हणाले, "निघतो मग. उद्या कोर्ट हाय." उद्या रविवार होता. स्टँडवर साडू पाण्याची बाटली भरायला गेले, तेव्हा पोरगी मला हळूच म्हणाली, "काका, मी दोन दिवसांची भाजी आणून ठेवलती. पण त्यांना राहायचं असतं तर बोलले असते ना." मी काही म्हणायच्या आत साडू आले आणि बसही लागली.

वाघोली मागे पडल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "राहा म्हणली असती, तर राहिलो असतो."

मी त्यांना भाजीचं सांगितलं. शिरूरच्या स्टँडवर बस थांबली, तसे ते उठले आणि फळीवरची पिशवी काढली. "साडूभाऊ, तुमी जावा पुढं. घरी सांगा, सोमवारी येतो," एवढं बोलून उतरले. खिडकीतून पाहिलं, तर फोन कानाला लावून पुण्याच्या गाड्यांकडे भराभर चालले होते.

बस सुटली. शेजारच्या सीटवर मी उगाचच रुमाल टाकून ठेवला. नगरला एक म्हातारे गृहस्थ चढले. "कुणी हाय का इथं?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हणालो आणि रुमाल उचलला. "बसा."