रिद्धपूरची डाळ आणि गाडीची मागची चेसी

बार्शीटाकळीहून रिद्धपूरला एसटीनं गेले असते तर बायकांच्या अर्ध्या तिकिटात काम भागलं असतं. पण एसटीत सामान लोकांच्या पायाशी राहतं, अन माझ्याजवळ उपहाराची डाळ होती. आम्ही महानुभाव. उपहार म्हणजे आश्रमातल्या साधू-तपस्विनींचं जेवण. दुसऱ्या दिवशी दुपारचं वरण आमच्या शेतातल्या तुरीचं, असा शब्द मी दिला होता. पंचवीस किलो डाळ अन दहा किलो कणीक. देवाच्या नावानं काढलेल्या धान्याला पाय लागू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून मोटरसायकलनं जायचं ठरवलं.

आमचे हे गावोगाव मोटारपंप दुरुस्त करतात. रोजचं कामही याच गाडीवर, त्यामुळे त्यांना तिची कळ ठाऊक. त्यांचं म्हणणं, डाळ सीटवर दोघांच्या मधात घेऊ, कणीक पुढे टाकीवर. टाकीवर म्हणजे यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे, अन सीट ही तर माणसाची बसायची जागा. मी नाही म्हटलं. दोन्ही पोती मागच्या कॅरिअरवर एकावर एक रचली, वरून कपड्यांची पिशवी, अन सगळं सुतळीनं आवळलं. "मागच्या चेसीवर जोर येते," एवढंच हे बोलले अन किक मारली.

सकाळी सहाला निघालो. फाल्गुनात जाणार असाल तर याहून उशीर करू नका, दहानंतर ऊन खातं. अकोल्यापर्यंतच हे दोनदा म्हणाले की हँडल हलकं लागतंय, पुढचं चाक उचलल्यासारखं होतंय. मी म्हटलं, हळू चालवा. पुढे हायवे चांगला आहे, मूर्तिजापूरला थांबून घरची भाकर अन ठेचा खाल्ला, दोन चहा घेतले. मला वाटलं निभलं.

बडनेऱ्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागून कडकन आवाज आला. मग रबर जळाल्याचा वास. मडगार्ड टायरला घासत होतं. खाली वाकून पाहिलं तर सीटखालचा, कॅरिअर जिथे कसलंय तिथला पाइप तडकला होता. यांनी वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आभाळाकडे.

पोती जमिनीवर ठेवायची नाहीत म्हणून ती न उतरवता थोडी सीटकडे सरकवून बांधली अन गाडी ढकलत निघालो. हे हँडलला, मी पोत्यांना धरून. वेल्डिंगच्या दुकानापर्यंत तीन किलोमीटर असेल. मी नामस्मरण करत होते, पण खरं सांगते, मनात एकच होतं, की उद्या चूल पेटेल अन आमची डाळ रस्त्यातच असेल.

वेल्डिंगवाले म्हातारे मिस्त्री होते. पोती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सीट काढली, तडा बोटानं चाचपला, यांचा धंदा विचारला अन आधी यांनाच धरलं. तुम्ही स्वतः मिस्त्री असून असं काहून बांधलं, म्हणाले.

"घरातलं मिस्त्रीपण माह्यापाशी नाही," हे म्हणाले.

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना पायाची रीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "वैनी, भरलेली कढई तुमी एका कानानं उचलता काय? तसंच केलं तुमी. सारं वजन चाकाच्या मांगं लोंबलं. पाइपाले काय मालूम दाळ कोनाची हाय."

तड्यावर लोखंडी पट्टी बसवून त्यांनी वेल्डिंग केलं. अडीचशे रुपये, अन पाऊण तास. कॅरिअरवर आता पिशवीशिवाय काही बांधलं तर पुन्हा तुटेल, बाकीचं इथं ठेवा, परतताना न्या, असं त्यांनी बजावलं. परतताना त्या डाळीचं मी काय करणार होते? मी पिशवीतून धुतलेली दोन पातळं काढली. एक सीटवर अंथरलं, एक टाकीवर. म्हटलं, बांधा.

अमरावतीपुढे मोर्शीच्या अंगाला रस्ता जागोजागी उखडलेला. डाळीचं पोतं मी दोन्ही हातांनी कवटाळलेलं, कंबर बधिर झालेली. पुढे प्रत्येक खड्ड्यात यांचे गुडघे कणकीला लागत होते. गाडी मात्र सरळ चालत होती. हँडल जाग्यावर आलं, असं हे एकदाच म्हणाले.

चारला आश्रमात पोचलो. तपस्विनी आईंना दंडवत घातला अन पहिलंच सांगून टाकलं, की कणीक गुडघ्यांत धरून आणली आहे, चालत नसेल तर वेगळी ठेवा. आईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्या गावात भिक्षेला जाऊन नुकत्याच आल्या होत्या. खांद्यावरची झोळी उतरवत म्हणाल्या, "बाई, ही चालताना रोज माझ्या गुडघ्यावरच आपटते." अन स्वयंपाकघराकडे हाक मारून दोन्ही पोती आत न्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. वरण वाढायला मला दिलं होतं, पण खांदे वर होईनात, हे वाढत गेले अन मी मागून पातेलं धरून चालले. संध्याकाळी स्थानांना, म्हणजे देव जिथे वावरले त्या जागांना, डोकं टेकवलं. तिसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परत. जाऊन-येऊन साडेसहा लिटर पेट्रोल लागलं. राहायला आश्रमात जागा मिळते, अंथरूण आपलं न्या.

घरी येऊन महिना झाला. कंबर अजून धरते. हे रोज कामावर निघताना सीटखाली हात घालून तो जोड चाचपतात. काल माझ्या जाऊबाई अन दीर रिद्धपूरला निघाले. तांदळाचं पोतं घेऊन जाऊबाई कॅरिअरपाशी उभ्या होत्या. मी ते घेतलं अन टाकीवर ठेवलं.

दीर म्हणाले, "वैनी, देवाचं हाय न ते. पायापाशी कसं?"

मी सुतळी आवळत म्हटलं, "आधी पोचू तर द्या त्याले."