फळा पुसायचा नियम

सोमवारी सकाळी वर्गात लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तेच... मुलं सव्वीस, पानावर नोंद एकच.

मी रिठदजवळच्या एका खेड्यात सातवीला विज्ञान शिकवते. इथे बहुतेकांच्या घरी भाजीची वाडी आहे, म्हणून मुलांना एक शोध दिला होता. आपल्या वाडीतल्या फुलांवर मधमाश्या किती वाजता येतात ते आठ दिवस बघायचं आणि रोज लिहायचं. वहीत नाही, सगळ्यांचं मिळून ऑनलाइन एकच पान. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली होती.

पण रोज सकाळी बघावं तर एकच नोंद... कधी याची, कधी तिची. नेट गंडलं की लिंक चुकली, मला काही कळेना. सेटिंग बघून बघून डोकं भणाणलं.

शेवटी राग निघाला कावेरीवर. पहिल्या बाकावरची अबोल पोरगी, आठ दिवसांत तिचं नाव एकदाही दिसलं नव्हतं. रोज लिहिते म्हणाली, तर मी सगळ्यांसमोर तिला खोटारडी म्हटलं. मधल्या सुट्टीत तिने डबाही उघडला नाही.

दुपारी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, म्हटलं, लिहून दाखव. तिने आधी पानावरचं होतं नव्हतं ते सगळं पुसलं आणि मग शांतपणे लिहायला लागली...

दुसऱ्याचं का पुसलंस, मी विचारलं.

"मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं. फळा पुसल्याबिगर लिहाचं नाही."

अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. सगळेच पुसत होते! आणि बाबा मोबाइल घेऊन ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायच्या आत कावेरी सगळ्यांत आधी लिहायची, म्हणून तिचं रोज पुसलं जायचं.

शाळा सुटल्यावर खटपट करता करता पानात आपोआप जपून राहिलेल्या, पुसलेल्या जुन्या नोंदी सापडल्या. सगळ्यांच्या होत्या. कावेरीच्या तर आठही दिवसांच्या... दोडक्याचं फूल सकाळी मिटलेलं असते, सायंकाळी उघडते, मधमाशी नाही, पतंगाचं पाखरू येते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी खाली एक ओळ होती.

"मॅडम, मी रोज लिहून राह्यली. तुमाले दिसते का?"

दिसलं गं... उशिरा दिसलं. खोटारडी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, उद्या माफीही सगळ्यांसमोरच मागणार आहे.