लोणी काळभोर ते क्वासर, व्हाया स्वारगेट

दोनदा अर्ज नाकारला गेल्यावर आमच्या केतकीला चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी अर्धी रात्र मिळाली. एका आयटी कंपनीचं नेमणूकपत्रही तिच्या हातात होतं, आणि तिनं बाबांना शब्द दिला होता की यावेळी काही सापडलं नाही तर मुकाट्यानं रुजू होईन. मी यांना म्हटलं, काय व्हायचं ते समोर बसून बघू.

चिलीला जायला पासपोर्ट लागत नाही. सकाळी सातची बस धरा, स्वारगेटला उतरा, पुढे दुसरी बस. हडपसरचा खोळंबा हिशेबात धरूनच निघा. रिक्षावाले केतकीच्या संशोधन संस्थेपर्यंत यायला नाही म्हणतात, आणि हो म्हणाले तर बसच्या दसपट मागतात. स्वारगेटला गरम पोहे मिळतात, पण यांनी "पोरीसंगं खाऊ" म्हणत मला डबाही उघडू दिला नाही.

चिलीत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस, त्यामुळे साडेदहाला एका छोट्या खोलीत, संगणकावरून निरीक्षण सुरू झालं. महिला मंडळाच्या ग्रुपवर क्वासरचा फोटो टाकायचं मी कबूल करून बसले होते. पडद्यावर आली वाकडीतिकडी रेघ.

"फोटो कुठाय?"

"आई, हेच ते. त्याच्या प्रकाशाचा आलेख."

मग केतकीनं समजावलं. दूरच्या दीर्घिकेच्या मधोमध अवाढव्य कृष्णविवर, त्यात पडणारं द्रव्य तापून झगमगतं, तो क्वासर. हा धुळीत बुडालेला. धुळीतून निसटणारा इन्फ्रारेड प्रकाश आधीच मोजलेला, म्हणून त्याचं खरं तेज कळलं. आता दृश्य प्रकाशात बघायचं की तो वायू बाहेर फेकतोय का. फेकत असेल तर ऑक्सिजनच्या प्रकाशाचा उंचवटा डावीकडे, निळ्या बाजूला फुगेल.

बाराला तिकडे वारा वाढला आणि दुर्बिणीचा घुमट बंद झाला. केतकीनं भाकरीचा तुकडा मोडला नाही. दीडला घुमट उघडला, रेघ हळूहळू स्वच्छ होत गेली, पण ती पुन्हा पुन्हा तीच जागा मोठी करून बघत होती. हे मात्र खुर्ची ओढून पुढे सरकले. तीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात आलेख वाचलेत यांनी.

"हितं डावीकडं पोट सुटलंय बघ. आमच्याकडं असला माल मी परत धाडला असता."

"नक्की ना, बाबा? मला वाटलं, मलाच हवंय म्हणून दिसतंय."

"न्हाय. हाय ते."

"मग तो वायूच आहे. सेकंदाला हजार किलोमीटरनं बाहेर पडतोय." एवढं बोलून ती रडायला लागली. मला इतका अभिमान वाटला की डबा वाढायचंही सुचेना.

परतीच्या बसमधून यांनीच तिला फोन केला. "त्या कंपनीला आजच न्हाय म्हणून कळीव. लोकांला ताटकळत ठिवू न्हाय."

रेघेचा फोटो मी ग्रुपवर टाकला. एकीनं विचारलं, "ईसीजी कुणाचा? बरे आहेत ना?" मी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

घराच्या फाटकातच शेजारचे जगताप भेटले. त्यांचा मुलगा हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार रातपाळी करतो, आणि ते दर भेटीत केतकीच्या नोकरीचं विचारतात. आजही विचारलं. एरवी हे मान खाली घालून घरात जायचे.

आज थांबले. "लागली हाय की," म्हणाले. "दिवसपाळी हाय."